कापूस वेचून चिरलेली बोटं आणि एचआयव्हीची भीती

आमच्याकडं दिवाळीनंतर कोणाचीच बोटं धड नसतात. ज्यानं कापूस वेचला त्यालाच माहीत, उकललेल्या बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या बाजूला घुसतात, बारीक बारीक चिरा पडतात, आन त्याच्या आधी सोयाबीन सोंगताना एकदा तरी विळा लागलेलाच असतो. संध्याकाळी हात धुताना साबण झोंबला की कळते कुठं कुठं फाटलं ते. एरवी कोणी लक्ष देत नाही, हळद नाहीतर बोरोलीन लावली की झालं. मीही कधी दिलं नव्हतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, वय तिशीच्या पुढं, कोरडवाहू शेती, लग्न जमत नाही हे वेगळं सांगायला नको, शेतकऱ्याच्या पोराला पोरगी कोण देऊन रायलं आजकाल. ती तालुक्याच्या गावी राहते, नवऱ्याला सोडून माहेरी आलेली, एक लेकरू आहे तिला. आमचं बऱ्याच दिवसांपासून जमत होतं. तिच्याबद्दल याच्यापेक्षा जास्त लिहीत नाही.

तर त्या दिवशी आमचा संबंध आला. कंडोम होता, सुरुवातीपासून होता, फाटला नाही, निसटला नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढं ज्याला त्याला हेच विचारायचं होतं. पण हाताची बोटं तर उघडीच होती, आन बोटांचाही वापर झाला होता, समजून घ्या. त्यात सकाळी मी खालचे केस ब्लेडनं काढले होते, तिथं एका जागी बारीकसं कापलं होतं आन ती जागा कंडोमच्या वरच्या बाजूला, म्हणजे झाकलेली नव्हती. तेव्हा यातलं काहीच डोक्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी वावरात एका दोस्ताजवळ सहज विषय निघाला, नाव नाही सांगितलं पण त्याला अंदाज होताच, तो म्हणते, "अबे तिचा नवरा ट्रकवर होता ना बे? तपासून घे लेका." झालं. तिथून जे सुरू झालं ते सुरूच.

रात्री खाटेवर पडून मोबाईलवर वाचत बसलो. एका ठिकाणी लिहिलं होतं घाबरायचं कारण नाही, दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं "उघड्या जखमेतून विषाणू शरीरात जाऊ शकतो." आता उघडी जखम म्हणजे नेमकी केवढी हे कोणीच सांगत नाही. सुईच्या टोकाएवढी चीर पण उघडीच ना? काल सकाळची असली तर उघडी की बंद? मी टॉर्च लावून बोटं पाहत होतो, दाबून पाहत होतो रक्त येते का, आन दाबल्यावर कुठं तरी येणारच, मग आणखी घाबरत होतो. आई म्हणे काय झालं रे, मी म्हटलं काटा रुतला.

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे गावभर बोंब. गावची आशा म्हणजे माझी सख्खी चुलती. म्हणून पांढरकवड्याला जिनिंगवर कापसाचा भाव पाहून येतो असं घरी सांगितलं आन काळीपिवळीत बसलो. एक गोष्ट वाचनात पक्की झाली होती की काही करायचं असलं तर संबंधानंतर ७२ तासांच्या आत, एचआयव्ही लागू नये म्हणून एक औषध असते, त्याच्या नंतर ते देत नाहीत, तेवढ्यासाठी घाई केली.

सरकारी दवाखान्यात केस पेपर काढला, खिडकीतल्या माणसानं काय त्रास विचारलं तं मी म्हटलं कणकण आहे अंगात. मग स्वतःच बोर्ड शोधत फिरलो. "एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र" असं लिहिलेलं असते, बाजूला लाल फितीचं चित्र. लोक आयसीटीसी म्हणतात. मला वाटत होतं बाहेर तोंडावर रुमाल बांधलेले लोक बसले असतील. तर बाकावर सगळ्या गरोदर बाया, मांडीवर कार्ड, कोणी डाळिंब सोलून खाऊन राहिली, आन मधात मी एकटा बाप्या. गरोदर बाईची एचआयव्ही चाचणी होतेच, म्हणून तिथली बहुतेक गर्दी त्यांचीच. एका म्हातारीनं मला विचारलं, "बायकोले आणलं का?" मी हो म्हटलं.

आत समुपदेशक मॅडम होत्या. दार लावलं. भिंतीवर कायद्याचा कागद लावलेला, २०१७ चा एचआयव्ही एड्स कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, संमती घेतल्याशिवाय चाचणी नाही आन संमतीशिवाय कोणाला सांगायचं पण नाही. तो वाचून जरा जिवात जीव आला. काही बोलायच्या आधी मी सरळ दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हटलं मॅडम हे पहा.

त्यांनी पाहिले. "कापूस का?"

"हो."

"आमच्या सासरीपण आहे. भाऊ, त्या वेळेस याच्यातून रक्त वाहत होतं का?"

मी म्हटलं वाहत नव्हतं, पण चिरा होत्या, एक विळ्याची चार दिवसांची, खपली धरलेली, बाकी अशाच. आन खाली ब्लेडचं सकाळचं, ते तेव्हाच थांबलं होतं. मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण इतकं सुटं करून मला मोबाईलवर कुठंच सापडलं नव्हतं.

एचआयव्ही नुसता अंगाला लागून होत नाही. त्याला रक्तातल्या, अस्तरातल्या ठरावीक पेशींपर्यंत, सीडी४ म्हणतात त्यांच्यापर्यंत, जिवंत पोचावं लागते. हाताच्या कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, त्यातून तो जाऊ शकत नाही. बारीक चीर पडली, रक्त गोठलं, खपली धरली की ते दार काही तासातच लागते. आपल्याला झोंबते म्हणजे आत रस्ता मोकळा आहे असं नसते. वर विषाणू शरीराबाहेर हवेत फार तग धरत नाही. आन येतो तोही काही ठरावीक गोष्टींतूनच, रक्त, वीर्य आन त्याच्या आधी येणारं पाणी, योनीतला स्राव, गुदद्वारातला स्राव, आईचं दूध. घाम, लाळ, अश्रू यातून नाही. म्हणजे समोरच्याला एचआयव्ही असायला पाहिजे, औषध सुरू नसायला पाहिजे, त्या पातळ पदार्थात तो पुरेसा असायला पाहिजे, आन ते ताज्या, वाहत्या, खोल जखमेवर नाहीतर नाजूक अस्तरावर लागायला पाहिजे. एवढं सगळं एका वेळी जुळावं लागते.

"आन अस्तर म्हणजे?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "जीभ फिरवा गालाच्या आतून. आता तळहातावर बोट फिरवा. कळला फरक? योनीत, गुदद्वारात, लिंगाच्या टोकावर, पुढच्या कातडीच्या आतून, तिथं सगळं गालाच्या आतल्यासारखं असते. तिथं जखम नसली तरी विषाणू जाऊ शकते. तुम्ही बोटं घेऊन बसले, आन मला विचारायचं आहे वेगळंच."

आन मग खरोखर वेगळंच विचारलं. कंडोम सुरुवातीपासून होता की मधात घातला. मागून संबंध होता का. तिची पाळी चालू होती का. तुमच्या तिथं कधी फोड, पुरळ, न दुखणारा व्रण आला होता का, लघवीला जळजळ, पांढरं जाणं. तिला काही होतं का. आधी कोणाकोणाशी संबंध आला. कधी सुईनं नशा केली का. मी खाली मान घालून एकेक उत्तर देत होतो, पंखा असून घाम. माझ्या गावातल्या कोणत्याच माणसानं हे शब्द बाईमाणसाच्या तोंडून ऐकले नसतील, पण त्या बाईनं ते इतके साधेपणी विचारले, खताच्या दुकानात कोणती बॅग पाहिजे विचारतात तसे, की तिसऱ्या प्रश्नाला माझी लाज गेली.

फोडाचं त्यांनी दोनदा विचारलं. कारण सांगितलं की जनन भागावर गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, नाहीतर नागिणीच्या भावकीतल्या हर्पिसचा व्रण असला की एचआयव्ही लागायची शक्यता खरंच वाढते, तिथं अस्तर आधीच फुटलेलं असते आन ज्या पेशी विषाणूला पाहिजे त्या तिथं गोळा झालेल्या असतात. गरमीचा पहिला व्रण तर दुखतच नाही, माणसाला पत्ता लागत नाही. बोटावरची चीर दिसते, दुखते, म्हणून आपण तिला धरून बसतो. जिथं पाहायला पाहिजे तिथं कोणी पाहत नाही.

ब्लेडच्या कापल्याचं मी परत काढलं, कारण ते तर खालीच होतं ना. त्या म्हणाल्या सकाळी कापलं, रक्त थांबलं, रात्री संबंध, तर तेही बोटासारखंच. पण संबंधाच्या अगदी आधी, तासाभरात ब्लेड फिरवू नका, ताजं कापलेलं कशाला ठेवता, कात्रीनं बारीक करा. आन दुसऱ्याचं ब्लेड तर बिलकुलच नाही, एचआयव्हीपेक्षा जास्त काविळीसाठी. हिपॅटायटिस बी हा रक्तातून खूप सहज जाणारा आहे, बाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवस टिकू शकते. त्याची लस आहे, तीन डोस, पहिला, मग महिन्यानं, मग सहा महिन्यांनी. माझ्या वयाच्या लोकांना लहानपणी ती मिळालेली नसते बहुतेक. मी गेलो होतो एका रोगाची भीती घेऊन आन निघालो दुसऱ्याची लस लिहून घेऊन.

मला ते ७२ तासांवालं औषध पाहिजेच होतं, तसं मी म्हटलंही. त्यांनी डॉक्टरकडं पाठवलं. त्या औषधाला पेप म्हणतात, टेनोफोविर, लॅमिवुडिन आन डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं एका गोळीत, रोज एक, २८ दिवस, आन जितकं लवकर सुरू कराल तितकं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. डॉक्टर तरुण होते, त्यांनी सगळं ऐकलं, म्हणाले कंडोम शाबूत, खपली धरलेल्या चिरा, समोरच्याचा एचआयव्ही असल्याचा काही पुरावा नाही, याला पेप लागत नाही. कंडोम फाटला असता आन ती पॉझिटिव्ह असून औषधावर नसती तर एक मिनिट थांबलो नसतो. मग त्यांनी माझा विळ्याचा घाव उलटून पाहिला आन विचारलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं?"

मला आठवेना.

"पाच वर्षं झाली असतील तर आज घ्या. शेणामातीच्या वावरात विळा लागून एचआयव्हीची चौकशी करून राहिले तुम्ही."

दंडात इंजेक्शन घेतलं, दुखलं चांगलंच.

मग चाचणी. लॅबवाल्यानं दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं, नळीवर नंबर टाकला, बाहेर बसा म्हणे. पहिल्या किटवर काही आलं नाही तर निगेटिव्ह म्हणून देतात, आलं तर लगेच पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, आणखी दोन वेगळ्या किटवर तपासतात, तीनही जुळले तरच. पैसे लागत नाहीत. रिपोर्ट बाहेर ओरडून सांगत नाहीत, परत मॅडमच्याच खोलीत बोलावतात. निगेटिव्ह होता. पण त्यांनी तिथंच सांगून टाकलं की हा रिपोर्ट आधीच्या आयुष्याचा आहे, परवाचा नाही. शरीरात विषाणू गेला तरी किटला दिसेपर्यंत वेळ लागतो, त्याला विंडो पिरियड म्हणतात, म्हणून तीन महिन्यांनी एकदा परत. खाजगी लॅबमध्ये चौथ्या पिढीची चाचणी असते, त्यात विषाणूचा तुकडाही पाहतात, ती १८ ते ४५ दिवसांत सांगते, पण तुम्हाला त्याच्यामागं पैसे घालवायची गरज नाही असं त्यांचं मत.

घरी येऊन मी आकडे शोधले, कारण माझं डोकं असं आहे की कोणी "कमी आहे" म्हटलं की किती कमी हे पाहिजे. अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोग नियंत्रण संस्थेचा, अंदाज आहे, समोरचा पॉझिटिव्ह आहे, औषध नाही, कंडोम नाही, असं धरून १०,००० वेळा संबंध आला तर किती वेळा लागेल. योनीमार्गे संबंधात बाईला ८, पुरुषाला ४. मागून संबंधात घेणाऱ्याला १३८, करणाऱ्याला ११. एकाच सुईनं नशा करणाऱ्याला ६३. दूषित रक्त चढवलं तर ९,२५०. बोटाच्या चिरेचा रकानाच नाही. मग मी दवाखान्यातल्या लोकांचे आकडे पाहिले, कारण सिस्टर लोकांना रोजच रक्त लागते. पॉझिटिव्ह माणसाची सुई टोचली तर १,००० मधून ३, डोळ्यात तोंडात रक्त उडालं तर १,००० मधून एकापेक्षाही कमी, आन फाटलेल्या कातडीवर रक्त पडलं तर त्याच्याहून कमी. तेही रक्त, आन माझ्याकडं तर रक्तही नव्हतं. त्या रात्री झोप लागली.

आता तिचं. मी तिला फोनवर सांगितलं की मी अशी अशी तपासणी करून आलो, तू पण करून घे. ती आधी गप्प. मग म्हणाली, "तू माह्यावर शक घेऊन रायला का?" मी म्हटलं नाही, तुझा नवरा ट्रकवर होता म्हणून. त्याच्यावर जी भडकली. "माही तपासणी पोराच्या वेळेस झाली, कार्डावर लिहून आहे. त्याहीची झाली होती. तुही कधी झाली रे आतापर्यंत? सांग ना." मला सांगता येईना, कारण हीच माझी पहिली होती. तिची झालेली होती, माझी नव्हती, आन घाबरत मी होतो तिच्यापासून. मॅडमनंही तेच म्हटलं होतं, धंद्यावरून, कपड्यावरून, तोंडावरून कोणाचं कळत नाही, चाचणीवरून कळते. ट्रक चालवणारा कितीतरी जण बायकोशी इमानदार असते आन वावरातला बाहेर काय करते कोण पाहून रायलं.

आठवडाभर बोलली नाही. मग स्वतःच म्हणाली चाल, जाऊ दोघंही. तिचीही पोराच्या नंतर मधली वर्षं गेलीच होती. गेलो, मी मोटरसायकलनं, ती एसटीनं, वेगवेगळे, पण आत मॅडमनं दोघांना एकत्र बसवलं, आधी दोघांना वेगवेगळं विचारून की चालते का. तिचा निगेटिव्ह. मॅडमनं तिला माझ्यापेक्षा जास्त वेळ दिला, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी वगैरे, ते मी बाहेर होतो म्हणून माहीत नाही. जाताना निरोधची पाकिटं दिली, तिनं पर्समध्ये टाकली बिनधास्त, मी इकडंतिकडं पाहत होतो.

तिथं आणखी एक ऐकलं ते लिहून ठेवतो, कारण आमच्या गावात एक बाई बऱ्याच वर्षांपासून औषधावर आहे आन लोक अजून तिच्या घरचा चहा घेत नाहीत. जो माणूस रोज एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या औषधाची, गोळी घेते आन ज्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, चाचणीत सापडत नाही इतका खाली आलेला टिकून आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही जातच नाही. कमी जातो असं नाही, जातच नाही. चहाचा तर प्रश्नच कुठं येतो. मी त्या बाईच्या घरी तूर सोंगायला गेलो होतो तेव्हा चहा घेतला, माझ्यासोबतच्यानं कपबशी तशीच ठेवली. त्याला काही बोललो नाही तेव्हा, बोलायला पाहिजे होतं का माहीत नाही, मजुरीचं काम होतं.

तीन महिन्यांनी, पऱ्हाटी उपटून झाल्यावर, परत गेलो. निगेटिव्ह. हिपॅटायटिसचा दुसरा डोस आधीच झाला होता, तिसरा पेरणीच्या वेळेस येते, मोबाईलवर रिमाइंडर लावून ठेवला आहे नाहीतर त्या दिवसांत बाप मेला तरी ध्यान राहत नाही.

परवा तोच दोस्त, ज्यानं ट्रकचं सांगून माझी झोप उडवली होती, बैलजोडी सोडून जवळ आला आन हळूच म्हणते, "भाऊ, एक विचारू का, मागच्या महिन्यात मी नागपूरला गेलतो." मी म्हटलं कंडोम होता का. म्हणे नव्हता. "पण हाताले काही लागलेलं नव्हतं," हे मात्र ठासून सांगितलं त्यानं. मी कपाळावर हात मारला. ७२ तास तर कधीचेच गेलेले. त्याला १०९७ नंबर दिला, एड्सची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट लागते, नाव विचारत नाहीत. तो म्हणे फोन नाही करत, तू सोबत चाल. आन उपाशी पोटी जावं लागते का?

म्हटलं नाही, जेवून ये, आन बाकावर बसलेल्या म्हातारीनं विचारलं तं बायको आणली म्हणून सांग.